आयबीएससाठी प्रोबायोटिक घेताय? या चुका टाळा

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आयबीएसचे (पोटदुखी, फुगणं, बिघडलेलं शौच असा आतड्याचा जुनाट त्रास) पेशंट येतात ते प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटासाठी घ्यायच्या जिवंत जिवाणूंचे, पिशवीभर डबे घेऊन. प्रत्येकातल्या चार-पाच कॅप्सूल संपलेल्या, बाकी तशाच. "सगळं करून पाहिलं, काही लागू पडत नाही." मला मनापासून वाईट वाटतं, कारण धड एकही करून पाहिलेलं नसतं.

एक बाई तीन आठवड्यांत चार प्रोबायोटिक बदलून आल्या. त्याच दिवसांत दूध बंद, कॉफी बंद, इसबगोल सुरू. पोट आणखीच फुगलेलं. मी डबे उलटे करून बारीक अक्षरं वाचली, तर दोघांत इन्युलिन. हे जिवाणूंचं खाद्य. मोठ्या आतड्यात ते आंबतं, गॅस होतो, आणि आयबीएसमधलं हळवं आतडं तेवढ्यानंही दुखतं. मी सगळं थांबवलं, इन्युलिन नसलेलं एकच सुरू केलं आणि वही ठेवायला लावली: दुखणं, फुगणं, रोज ० ते १० मध्ये. सातव्या आठवड्यात फुगणं ८ वरून ५ वर आलं. दुखणं होतं तिथेच राहिलं. पण निदान काय बदललं ते कळलं तरी.

माझा नेम असा: किमान चार आठवडे, फार तर बारा. फरक नाही, तर बंद. ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही बारा आठवडेच सांगतात. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने तर पुरावा कमकुवत म्हणून प्रोबायोटिक सुचवलंच नाही. मग अधीर होऊन दर आठवड्याला डबा बदलण्यात काय हशील?

डब्यावर नुसतं 'बिफिडोबॅक्टेरियम' हे जिवाणूचं नाव वाचून घेऊ नका. 'बिफिडोबॅक्टेरियम लाँगम ३५६२४' मधला आकडा म्हणजे त्या वाणाची, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराची, ओळख. एका वाणावरचा अभ्यास दुसऱ्याला लागू होत नाही. डब्यावर वाण लिहिलेलाच नसेल, तर मी तो परत ठेवते.

डब्यावर जिवाणूंची संख्या जितके जास्त अब्ज, तितका जास्त गुण, असंही नाही.

प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल, तर कॅप्सूल बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या.