या चुका टाळा: आधारची झेरॉक्स, दुसऱ्याचा नंबर आणि "काय होतंय त्याला?"

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. दाखले, शिष्यवृत्ती, पॅन, सातबारा, सगळं माझ्या काउंटरवरून जातं आणि त्याबरोबर माणसाची सगळी कुंडलीही जाते. लोक ती इतक्या सहज हातातून सोडतात की मला रोज टोकावं लागतं. टोकलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "काय होतंय त्याला?" काय होतं ते सांगते.

झेरॉक्सवर काहीच न लिहिता ती देऊन टाकणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दोन वर्षांपूर्वी एक द्राक्षबागायतदार काका दुकानात आले. ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितलं होतं आणि बँकेनं "सिबिल खराब आहे" म्हणून परत पाठवलं होतं. काकांनी आयुष्यात सोसायटीशिवाय कुणाचं कर्ज घेतलं नव्हतं. आम्ही त्यांचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांचा आणि हप्त्यांचा हिशेब, काढला. त्यात एका मोबाईलचे हप्ते होते आणि ॲपवरून घेतलेली दोन छोटी कर्जं होती, तिन्ही थकलेली. मोबाईल नंबर भलताच, पत्ता पुण्याचा, पण पॅन आणि आधार काकांचंच.

मी विचारलं, "काका, झेरॉक्स कुणाकुणाला दिल्या होत्या?" त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. बाजारात छत्री लावून सिमकार्ड विकणारा पोरगा, लॉज, गॅस एजन्सी, ठिबकच्या अनुदानासाठी घरी आलेला माणूस... पाचव्या बोटानंतर ते गप्पच झाले. गळती कुठून झाली ते आजवर कळलेलं नाही, कारण सगळ्या झेरॉक्स एकसारख्या होत्या.

ते निस्तरायला चार महिने लागले. क्रेडिट माहिती देणाऱ्या चारही कंपन्यांकडे तक्रार नोंदवली, कर्ज देणाऱ्यांना पत्रं पाठवली, पोलिसांत अर्ज दिला. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो पत्रात लिहिल्यावर हालचाल झाली. तोवर हंगाम गेला, मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली.

तेव्हापासून माझ्या काउंटरला दोरीनं निळा पेन बांधलेला आहे. झेरॉक्स हातात पडली की तिथंच तिच्यावर तिरपं लिहायचं: "फक्त गॅस जोडणीसाठी", एजन्सीचं नाव, तारीख, सही. अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. आणि घरातल्या वहीत एक ओळ टाकायची: कोणत्या दिवशी, कुणाला, कशाची प्रत दिली. मी स्वतः हे करते. वर्षाला एक पान भरतं.

शक्य असेल तिथं मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. लॉजवाल्याला तुमचे बाराही आकडे कशाला हवेत? आधार सोडून दुसरं ओळखपत्रही चालतं का, तेही विचारा. खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारं कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच रद्द केलं आहे. शिवाय वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून स्वतःचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चार कंपन्या आहेत. मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढते, म्हणजे वर्षभर नजर राहते.

"पीडीएफला पासवर्ड आहे ना!"

ई-आधारचा, म्हणजे नेटवरून उतरवलेल्या आधारच्या पीडीएफचा, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. फाइल ज्याच्या हातात गेली त्याला तुमचं नाव माहीतच असतं आणि वर्ष फेसबुकवर सापडतं. त्या पासवर्डाच्या भरवशावर फाइल कुणालाही पाठवू नका.

फॉर्मवर दुकानदाराचा मोबाईल नंबर

हे माझ्याच धंद्यातलं पाप आहे, म्हणून उघड बोलते. गर्दीच्या दिवसांत रांग लवकर सरकावी म्हणून काही जण गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतात, म्हणजे ओटीपीसाठी वाट बघायला नको. गिऱ्हाइकालाही घाई असते. "तुमचाच टाका ताई, माझा फोन घरी राहिलाय," असं मला आठवड्यातून चारदा तरी ऐकावं लागतं.

एक बारावीची मुलगी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला आली होती. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा, पासवर्ड तिला माहीत नव्हता, ओटीपीही येईना. आदल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात फॉर्म भरला होता, नंबर त्या दुकानदाराचा होता आणि दुकान बंद होऊन तो गाव सोडून गेला होता. पोरगी काउंटरला टेकून रडत होती. तिच्या जातीच्या दाखल्यापासून बँक खात्यापर्यंत सगळ्याची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात होती.

नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड टाइप करणारं बोट तुमचं. फोन घरी राहिला असेल तर घरी जाऊन घेऊन या. मी परत पाठवते. लोक रागावतात, त्याला माझा इलाज नाही.

दुकान सोडण्याआधी आणखी एक करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कागदपत्रं दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली असतात. तुमच्या फोनवरून मेसेज पुसला म्हणून तिथली फाइल पुसली जात नाही. "माझ्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही," असं स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. जो दुकानदार कुरकुर करेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल

पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, मग ते आत्याच्या नंबरवरून आलेलं का असेना. "आरटीओ चलान" नावानंही हेच फिरतं. असं ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतं आणि तुमचे ओटीपी परस्पर पळवतं. तरुण पोरं न वाचता "अलाउ, अलाउ" दाबत सुटतात आणि दोन सेकंद वाचवतात, याचा मला खरंच संताप येतो. चुकून उघडलीच तर आधी फोनचं नेट बंद करा आणि सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग फोन रिसेट करा.

छोट्या, पण रोजच्या चुका

पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. कधीच नाही.

बिलासाठी मोबाईल नंबर देणं सक्तीचं नाही. दुकानांनी तसा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच कळवलं आहे. "नंबर देणार नाही" म्हणा आणि थांबा, बिल निघतं.

आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. अंगठा द्यायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडता येतं.

पैसे गेल्यावर दुसऱ्या दिवशी येणं

लोक लाजेनं रात्रभर गप्प बसतात आणि सकाळी माझ्याकडे येतात. तोवर पैसे चार खात्यांतून फिरलेले असतात. त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, मग बँकेला कळवा. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमच्यावर भार पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. फोन लावताना यूटीआर (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो) क्रमांक, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून समोर ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तोही त्याच कागदावर लिहा आणि मगच फोन ठेवा.