घडीचे चाकू ताडून पाहताना

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा एखाद्या प्रदर्शनात घडीचे चाकू पाहताना नावापेक्षा आधी पाते मुठीला जोडणाऱ्या सांध्याकडे लक्ष द्यावे. विक्रेत्याची परवानगी घेऊन पाते पूर्ण उघडावे व बाजूला हलकेच दाबावे. ते डुगडुगत असल्यास, किंवा चाकू उजेडासमोर धरल्यावर पाठीची स्प्रिंग (पाते जागेवर धरणारी मुठीच्या पाठीवरची पट्टी) आणि मुठीच्या आतला पत्रा यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसल्यास, जोडणी सैल आहे असे समजावे.

फ्रान्सच्या ओपिनेलला मात्र ही उजेडाची कसोटी लावू नये, कारण १८९० पासून बनणाऱ्या या चाकूत पाठीची स्प्रिंग नसतेच. पाते सांध्यावरील धातूचे कडे फिरवून अडवले जाते. त्याची लाकडी मूठ ओलाव्याने फुगते, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात पाते उघडण्यास जड जाते, हे घेण्यापूर्वीच लक्षात ठेवावे. त्यात कार्बन पोलादाचे पाते घेतल्यास धार सहज लावता येते, पण कैरी किंवा लिंबू कापून ते न पुसता मिटल्यास डाग आणि गंज ठरलेला. इतकी निगा ज्यांच्याने होणार नाही, त्यांनी स्टेनलेस पात्याचा ओपिनेल किंवा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘लागिओल’ हे एकाच कारखान्याचे नाव नसून फ्रान्समधील गावावरून पडलेले चाकूच्या घडणीचे नाव आहे. मुठीवरील मधमाशी पाहून भुलू नये; प्रत्यक्ष निर्माता कोण, हे विचारूनच किमतींची तुलना करावी.