कुत्र्याच्या खाजेवर घरगुती उपाय करण्यापूर्वी

पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर पुरळ उठते, थोडे बरे होते आणि पुन्हा उठते, तेव्हा खाज नेमकी कुठे आहे ते आधी पाहावे. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर केस विरळ झाले असतील, तर बहुधा पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असते. केसांतून निघालेले काळे कण ओल्या कापसावर दाबल्यावर तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. अशा वेळी अंथरूण गरम पाण्यात धुतल्याशिवाय आणि पिसवांवरचे औषध नियमित दिल्याशिवाय, वरून काहीही लावले तरी खाज परत येतेच.

तात्पुरत्या आरामासाठी ओट्सचा उपाय मला सर्वांत सुरक्षित वाटतो. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात मिसळावेत, ते पाणी अंगावर १० मिनिटे राहू द्यावे आणि धुतल्यानंतर बोटांच्या बेचक्या, काखा व गळपट्ट्याखालची जागा पूर्ण कोरडी करावी, कारण दमट कातडीवर बुरशी लवकर वाढते. कोरड्या खपल्यांवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, ओलसर जखमेवर नको. टी ट्री तेल नैसर्गिक असले तरी कुत्र्यांसाठी विषारी आहे, म्हणून ते मुळीच वापरू नये.

पुरळातून पाणी येत असेल, घाण वास येत असेल किंवा गोल चकत्यांत केस गळत असतील, तर पशुवैद्याकडून कातडीचा नमुना तपासून घ्यावा. खरूज आणि गजकर्ण घरातल्या माणसांनाही होऊ शकतात.