बाळंतपणाआधी ट्रे भरताना

ड्युटीवर आलात की आधी फ्रीज उघडा. ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळ झाल्यावर गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, २ ते ८ अंशांत राहिलं तरच त्याची ताकद टिकते. रात्री वीज गेली होती का, हे विचारून घ्या, एक्स्पायरी वाचा. एम्प्यूल ५ युनिटची असेल तर एका बाळंतिणीला दोन लागतात.

बाळाचं डोकं दिसू लागलं की १० युनिट सिरिंजमध्ये भरलेलं हवं. बाळ बाहेर आलं की पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही याची खात्री करा आणि मिनिटभरात मांडीत इंजेक्शन द्या. हे प्रत्येकीला द्यायचं, रक्त किती जातंय ते बघत थांबायचं नाही. वार सुटते तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशय आवळलं की दबतात; ते सैल राहिलं तर धडधाकट बाईसुद्धा बघता बघता गळून जाते. हिमोग्लोबिन कमी असलेलीला तर थोडंही जास्त रक्त गेलेलं सोसत नाही, म्हणून तिच्या कार्डावरचा आकडा आधीच बघून ठेवा.

नातेवाईक म्हणतील, "सिस्टर, कळा वाढायचं इंजेक्शन द्या ना." बाळ पोटात असताना हे इंजेक्शन मांडीत देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं.

फ्रीजचा भरवसा नसेल तिथे याच कामाच्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या ठेवा: २०० मायक्रोग्रॅमच्या तीन, बाळ झाल्यावरच तोंडाने. थंडी वाजेल, ताप येईल, हे बाईला आधी सांगा म्हणजे ती घाबरणार नाही. बेळगाव जिल्ह्यात गावोगावच्या एएनएम (प्रसूतीचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका) सिस्टरांनीच या गोळ्या देऊन बघितल्या. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात गोळ्या न मिळालेल्यांपैकी १२ टक्के बायकांना ५०० मिली किंवा जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना. आपल्यासारख्यांच्या हातून झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

गर्भाशय आवळणारं दुसरं औषध, मेथर्जिन, ट्रेमध्ये असेल तर आधी बीपी बघा. वाढलेलं असेल तर ते द्यायचं नाही. रक्त मोजायला खुणा केलेली पिशवी बाईखाली अंथरा, नुसत्या डोळ्यांना ते कमीच दिसतं. सलाइन आणि जाड सुई हाताशी ठेवा. औषध देऊनही रक्त थांबलं नाही तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव थांबवणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून, सावकाश, बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. त्यामुळे डॉक्टरांना आणि १०८ ला फोन लगेच करा, आणि गाडी येईपर्यंत पोटावरून गर्भाशय चोळत राहा.