डायट कोल्ड्रिंकचा वजन उतरवायला उपयोग कसा करून घ्यावा

डायट कोल्ड्रिंकने वजन उतरतं का, असं विचारलं की दोन तयार उत्तरं मिळतात. जिममधला मित्र म्हणतो, "साखरच नाही त्यात, बिनधास्त पी." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशी लिहिते, "विष आहे ते, त्यापेक्षा साखरेचं परवडलं." ठाण्यात मी वर्षानुवर्षं लोकांची कोल्ड्रिंकची सवय सोडवत आले आहे आणि या दोन्ही सल्ल्यांनी झालेला घोळ निस्तरण्यात माझा बराच वेळ जातो. बाटलीत वजन उतरवणारं औषध नसतं आणि वजन वाढवणाऱ्या कॅलरीही जवळजवळ नसतात. त्या बाटलीच्या भरवशावर तुम्ही दिवसभरात आणखी काय खाता, त्यावर सगळं ठरतं. म्हणून कोणतं कोल्ड्रिंक घ्यावं यापेक्षा ते कसं घ्यावं, हे जास्त महत्त्वाचं.

आधी ठरवा, तुम्हाला याची गरज आहे का

साध्या कोल्यात दर १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलीची बाटली म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, चहाचे सपाट ८ चमचे, साधारण १३० कॅलरी. रोज एक बाटली पिणाऱ्याने तेवढं एकच बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर महिन्याला जवळजवळ ३९०० कॅलरी वाचतात. कागदावर ही अर्धा किलो चरबी झाली. प्रत्यक्षात थोडी कमीच उतरते, पण उतरते.

ज्यांना साखरेच्या कोल्ड्रिंकची रोजची सवय आहे, त्यांच्यासाठीच हा मार्ग आहे. लग्नात किंवा वाढदिवसाला एखादा ग्लास घेणाऱ्याने वजनासाठी म्हणून डायट सुरू करण्यात काहीच अर्थ नाही. पाणी पिणाऱ्या माणसाला डायट कोला प्यायला लावणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

लहान मुलांना देऊ नका. 'मुलांसाठी शिफारस नाही' अशी सूचना तुम्हाला लेबलवरच सापडेल. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ॲस्पार्टेम (डायट पेयांत साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) चालत नाही, कारण त्यातलं फिनाइलॲलनिन त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही. गरोदर बायकांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. शुगर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर त्या वेळी डायटचा कॅन उपयोगाचा नाही. तेव्हा खरी साखर, ग्लुकोज किंवा साखरेचंच पेय लागतं. घाबरलेला मुलगा फ्रिजमधून डायटचा कॅन आणून वडिलांना पाजतो, असं होऊ शकतं. त्यामुळे ग्लुकोजचा डबा सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

लेबल

डायट, झीरो, ब्लॅक ही नावं सोडून द्या. दर १०० मिलीचा रकाना बघा आणि त्यात एकूण साखर शून्य आहे ना, एवढंच पाहा. 'फळांचा रस' म्हणून विकल्या जाणाऱ्या आंब्याच्या पेयांत कोल्याइतकीच, कधी त्याहून जास्त साखर असते.

पहिला आठवडा काहीही बदलू नका

नेहमीचं कोल्ड्रिंक नेहमीसारखंच प्या. फक्त त्याच्यासोबत काय खाल्लं आणि त्यानंतर झोपेपर्यंत काय काय खाल्लं, ते मोबाइलमध्ये लिहा. कॅलरी मोजू नका, नुसते पदार्थ लिहा. हा आठवडा गाळायचा मोह होतो, पण ही यादी नसेल तर पुढचा टप्पा आंधळेपणाने करावा लागतो.

अवघड टप्पा: ताट तेच ठेवायचं

दुकानात जाऊन साखरेच्या बाटलीऐवजी डायटची बाटली उचलणं कोणालाही जमतं. आठ दिवसांत चवही अंगवळणी पडते. गाडी अडते ती पुढे. वाचलेल्या १३० कॅलरी मन गुपचूप परत मागून घेतं. हा टप्पा मलाही बराच काळ सुटत नव्हता. माणसं प्रामाणिकपणे सांगायची की साखरेचं कोल्ड्रिंक पूर्ण बंद आहे, आणि ते खरंही असायचं, पण काटा जागचा हलत नसे.

कारण समजायला एका अभ्यासाची मोठी मदत झाली. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिलीचं पेय दिलं गेलं. काहींना साखरेचं, काहींना बिनसाखरेचं. दिसायला आणि चवीला दोन्ही सारखी, आणि आपल्याला कोणतं मिळतंय हे मुलांना माहीत नव्हतं. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढत्या वयामुळे वजन दोन्ही गटांत वाढलं, पण साखरेच्या गटात सरासरी ७.३७ किलो आणि बिनसाखरेच्या गटात ६.३५ किलो. मुलांना डायट पाजा, असा याचा अर्थ मी लावत नाही. मला त्यातली एकच बाब मोलाची वाटते: पेय बिनसाखरेचं आहे हे मुलांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे 'मी आज वाचवलंय' म्हणून वर दोन बिस्किटं उचलायचं त्यांना काही कारण नव्हतं. तुम्हाला आम्हाला मात्र ते पक्कं ठाऊक असतं, कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

ही भरपाई कुठे होते ते सांगते. संध्याकाळी ठाण्याला गाडीतून उतरलात, स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलावर टीएमटी बसची रांग लांब आहे, घोडबंदर रोडला घरी पोचायला अजून तासभर आहे. पोटात कावळे ओरडतायत. हातात डायटचा कॅन आहे, म्हणून शेजारच्या गाडीवरचा वडापाव मनाला टोचत नाही. एक वडापाव आकारानुसार अडीचशे ते तीनशे कॅलरींचा. म्हणजे वाचवलेल्याच्या दुप्पट तिथेच गेलं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत हेच चार वाजता होतं, तिथे फरसाण असतं. ३० ग्रॅमची एक मूठ धरली तरी दीडशे कॅलरी. मल्टिप्लेक्समध्ये कोला डायट म्हणून पॉपकॉर्नचा डबा मोठा घेतला जातो. शनिवारी रात्री रममध्ये डायट कोला घालणाऱ्यांना वाटतं आपण सांभाळून पितोय. ६० मिली रममध्येच सव्वाशेच्या वर कॅलरी असतात, शेजारी शेंगदाणे आणि तळलेला चकना असतो, आणि साखरेच्या कोल्यापेक्षा डायटसोबत दारू लवकर चढते. पोट ते मिश्रण लवकर पुढे ढकलतं म्हणून. त्या रात्री गाडी चालवायची असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

सगळ्यात फसवी भरपाई दोन-चार तासांनी होते, कारण तेव्हा तिचा कोल्ड्रिंकशी संबंध लावायला कोणी बसत नाही. रात्री साडेदहाला डब्यातून काढलेला अर्धा लाडू, पोळीवर एरवीपेक्षा जास्त तूप, 'आज तसं काही खाल्लं नाही' म्हणून आइस्क्रीम. खाणाऱ्याच्या हे ध्यानातही राहत नाही. म्हणून मी नेहमी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारते. चिवड्याचा डबा आठवड्यात किती खाली गेला, हे आईला किंवा बायकोला बरोबर माहीत असतं.

यावर माझे तीन नियम आहेत आणि त्यांत मी सूट देत नाही.

पहिल्या आठवड्याची यादी समोर ठेवा. पुढचे तीन आठवडे ताट तेच ठेवायचं, फक्त बाटली वेगळी. यादीत वडापाव होता तर तोही राहू दे. तो कमी करायच्या मागे आत्ता लागू नका, पण यादीत नसलेला एकही नवा पदार्थ आत येऊ देऊ नका. पुष्कळजण याच वेळी भात बंद, रात्रीचं जेवण बंद असं काहीतरी सुरू करतात. मग रात्री भुकेने जीव कासावीस होतो आणि डायटमुळे भूक वाढते असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. एका वेळी एकच बदल करा.

कॅन आणि खाणं यांच्यात किमान एक तास जाऊ द्या. डायट एकटं प्यायचं, दुपारी, जेवणानंतर तासाभराने, आणि संध्याकाळचे पाच वाजले की नाही, कारण कोल्यात कॅफीन असतं आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी खा-खा होते. वडापाव आणि कोल्ड्रिंक ही जोडी एकदा फोडली की अर्धं काम होतं. फरसाणासोबत घोट घ्यायची सवय हाताला असते, ती हातालाच मोडावी लागते.

तिसरा नियम संध्याकाळच्या प्रवासाचा. ऑफिसातून निघण्याआधी काहीतरी भरीव खा: मूठभर फुटाणे, एक उकडलेलं अंडं, किंवा डब्यात उरवलेली मुगाची उसळ. 'नवीन पदार्थ नको' या नियमाला हा एकमेव अपवाद, कारण स्टेशनाबाहेर भुकेल्या पोटी केलेला निश्चय टिकत नाही. टिकेल असं सांगणाऱ्याने संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून बघावं.

'आज डायट घेतलंय, मग चालतं' हे वाक्य मनात आलं की ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, वेळेसकट. चार-सहा नोंदी झाल्या की तुमची कच्ची वेळ कोणती, हे तुमचं तुम्हालाच दिसतं.

वजन आणि कंबर

आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. रोज काट्यावर चढू नका. मीठ-पाण्याने वजन किलोभर सहज वरखाली होतं. कंबर टेपने मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर ते धोक्याचं मानतात. निर्णय चार आठवड्यांनी घ्या.

चार आठवड्यांनी काहीच हललं नाही आणि यादीत नवं काही शिरलेलं नाही, तर चहा तपासा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे पुन्हा ३२ ते ४० ग्रॅम साखर, तुम्ही सोडलेली अख्खी बाटली. टपरीवरच्या कटिंगची साखर तर तुमच्या हातातही नसते.

भीती घालणाऱ्यांबद्दल

जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला '२बी' गटात टाकलं. याचा अर्थ, कर्करोगाशी संबंध असल्याचा मर्यादित पुरावा आहे. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील. तेव्हा रोजच्या एका कॅनसाठी रात्रीची झोप उडवू नका. दातांची काळजी मात्र करा. साखर नसली तरी आम्ल असतंच. घोट तोंडात घोळवत ठेवू नका आणि प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका.

शेवटी डायटही सोडायचं

मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी गोडवा आणणाऱ्या बिनसाखरेच्या पदार्थांवर विसंबू नका, अशी शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे ते या शिफारशीत येत नाहीत. काही महिन्यांच्या प्रयोगांत वजन थोडं उतरलेलं दिसलं, पण वर्षानुवर्षं ही पेयं घेणाऱ्यांच्या निरीक्षणांत फायदा दिसला नाही, उलट वजन आणि टाइप २ मधुमेह जास्त आढळला. जाड माणसंच डायटकडे वळतात, हेही त्यामागे असू शकतं. तरी माझं मत त्या शिफारशीच्या बाजूचं आहे: डायट दोन-तीन महिने वापरा, त्यानंतर सोडा.

दर आठवड्याला एक दिवस कमी करा. त्या दिवशी साधा सोडा घ्या, लिंबू पिळून, चिमूटभर मीठ घालून; रक्तदाब असेल तर मीठ नको. पातळ ताक उत्तम. कोकम घ्यायचं तर आगळ पाण्यात घालून, कारण बाजारचं तयार कोकम सरबत हा साखरेचा पाक असतो. फ्रिजमध्ये दोन लिटरची बाटली ठेवू नका. गॅस जाईल म्हणून ती संपवली जाते. लहान कॅनच आणा आणि लागेल तेव्हा एकच आणा. सोडताना दोन-चार दिवस डोकं दुखलं तर ते बहुतेक कॅफीन तुटल्यामुळे असतं. त्यासाठी पुन्हा कॅन उघडू नका, दुपारी एक कप बिनसाखरेचा चहा घ्या.