खाडीवर गरवायला जाताना डासांचा बंदोबस्त : या चुका टाळा

पावसाचं गढूळ पाणी निवळलं आणि ऑक्टोबर लागला, की सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या काठाला गरवणाऱ्यांची, म्हणजे गरीनं मासे पकडणाऱ्यांची, वर्दळ सुरू होते. तांबोशी, काळुंदर, शेंगटी, जे ज्याच्या गरीला लागेल ते. संध्याकाळची भरती असली तर माशाची वेळ आणि डासांची वेळ एकच येते. कॉइल, क्रीम नको म्हणून बरेच जण निर्गुडी, कडुनिंब, गवती चहाचं तेल असे उपाय करतात. मीही तेच करतो. मात्र ‘काही उपयोग होत नाही’ ही तक्रार दर वर्षी ऐकू येते, आणि बहुतेक वेळा दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो.

झाडीच्या आडोशाला बसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. डास उडण्यात फार कच्चा असतो. पंख्याखाली तो टिकत नाही, तसाच उघड्यावरच्या वाऱ्यातही टिकत नाही. दिवसभर तो कांदळवनाच्या दाट सावलीत, ओलाव्यात दबा धरून बसतो आणि आपण ऊन नको म्हणून नेमके तिथेच बूड टेकतो. माझे तात्या लहानपणी मला एकच सांगायचे, “वाऱ्यार बस, झाडीत कित्याक शिरतंस?” जेटीचं टोक, वाळूची उघडी पुळण, बांधाची उंच बाजू अशी जागा धरा.

यात एक मेख आहे. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा सूर्य मावळताना मंदावतो आणि जमिनीकडून मतलई सुटायला वेळ लागतो. मधला हा काळ अगदी स्तब्ध असतो. पाण्यावर सुरकुतीसुद्धा दिसत नाही आणि कानाशी गुणगुण सुरू होते. मादी डास माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते. वारा पडला की तिला अडवणारं काही उरत नाही. तेल लावायचं ते या वेळेच्या थोडं आधी, आणि धुरीही तेव्हाच पेटवायची. चावे बसल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

धूर नुसता वर जाऊ देणं

नारळाची सुकी सोडणं (वरची तंतुमय सालं) पेटवली की ज्वाळा होते, धूर होत नाही. सोडणं किंचित ओली करा, आधी निखारा धरू द्या, मग वर निर्गुडीचा ओला पाला टाका. पडलेल्या वाऱ्यात धूर सरळ वर जातो आणि पाय उघडे राहतात, म्हणून एका मोठ्या धुरीपेक्षा दोन्ही बाजूंना जमिनीलगत दोन लहान धुऱ्या बऱ्या. जुन्या घमेल्यात वाळू घालून त्यात पेटवलं तर सुकं गवत पेटण्याची भीती नाही. निघताना पाणी ओतून विझवा.

काजूची टरफलं मात्र धुरीत कधीच टाकू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळे आणि कातडी जाळतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर कुठल्याच धुरीत बसू नये.

एकदा तेल लावून रात्रभर निर्धास्त

गवती चहा किंवा सिट्रोनेलाचं तेल लवकर उडून जातं. घाम आला असेल तर त्याचा जोर तासाभरातच ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. नुसतं अर्क तेल थेट कातडीवर लावू नका, खोबरेलात मिसळा. कडुनिंबाच्या तेलाचं प्रमाण मी २ टक्के ठेवतो, म्हणजे १०० मिली खोबरेलात २ मिली, अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. ते कातडीवर टिकतं, पण वास उग्र असतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहा. लहान मुलांना असली तेलं लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

निलगिरीच्या तेलाबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. डासांसाठी ज्याचं नाव घेतलं जातं ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून, त्यावर प्रक्रिया करून बनवलेलं असतं. सर्दीला वाफ घ्यायची आपली औषधाच्या दुकानातली बाटली वेगळ्या निलगिरीची, तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

आणि लिंबू अंगाला चोळून उन्हात बसू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, नंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

तेलकट हातानं कोळंबी लावणं

माशाला वास कळतो. कडुनिंब लागलेल्या बोटांनी गरीला कोळंबी लावली की मासा तोंड लावून सोडून देतो, हा माझा अनुभव. आधी आमिष लावून गरी टाका, मग डाव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूनं उजव्या मनगटाला आणि पायांना तेल चोळा. बोटं आणि तळवे कोरडे राहिले पाहिजेत. तरीही लागलंच तर राख आणि खाडीचं पाणी घेऊन हात खसखसून धुवा.

घोटे विसरणं

चेहरा आणि हात सांभाळतो, पण डास घोट्यावर आणि पोटरीवर जास्त बसतो. काळी, अंगाला चिकटलेली पँट घातली तर तो कापडातूनही चावतो. फिकट रंगाची ढगळ पँट, पायमोज्यात खोचलेली, इतकं केलं तरी तेलाचं निम्मं काम वाचतं. कांदळवनाजवळ केमरंही (चावणारी बारीक चिलटं) असतात. ती इतकी बारीक, की विरळ विणीच्या कापडातून आणि मच्छरदाणीतूनही आत शिरतात, तिथे घट्ट विणीचं सुती कापडच हवं.

लसूण खाणं, मोबाइलवरचं आवाजाचं अ‍ॅप, यांवर वेळ घालवू नका. काठावर बिअर उघडणाऱ्यांसाठी एक माहिती : बुर्किना फासोमधल्या एका प्रयोगात बिअर प्यायलेल्या माणसांकडे मलेरियाचे डास जास्त ओढले गेले होते.

आठवड्याभरानं आलेला ताप अंगावर काढणं

मलेरियाचा डास चावल्यावर ताप यायला साधारण एक आठवडा ते महिना लागतो, तोवर खाडीवरची ती संध्याकाळ आपण विसरलेलो असतो. डेंगीचा डास तर दिवसा चावतो, म्हणजे दुपारच्या भरतीलाही सुटका नाही. थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना खाडीवर बसलो होतो हे आवर्जून सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. मलेरियाची ही तपासणी तिथे मोफत होते.