न्यूरोकेमिस्ट्रीतल्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन: हिशेब कसा मांडायचा

सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरात आलेला उल्लेख; प्रत्येकी निदान 6 सायटेशन असलेले 6 पेपर असतील, पण 7 सायटेशनचे 7 नसतील, तर एच-इंडेक्स 6. तो काढायला दोन मिनिटं पुरतात. वेळ जातो तो यादी साफ करण्यात, आणि चुका होतात त्याही तिथेच.

आधी पबमेड, म्हणजे वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या पेपरांचा मोफत डेटाबेस, उघडा. आडनाव, त्यापुढे आद्याक्षरं आणि चौकटी कंसात ‘एयू’ असं टाकलं की यादी येते. ‘कुलकर्णी एस’ टाकून बघा: हृदयरोगापासून दंतवैद्यकापर्यंत सगळे कुलकर्णी एका रांगेत उभे राहतील. मधलं आद्याक्षर घातलं की गर्दी ओसरते, पण ज्या पेपरांत ते छापलेलंच नाही तेही गळतात. म्हणून दोन्ही तऱ्हांनी शोधायचं आणि संस्था, सहलेखक ताडून एकेक नोंद ठेवायची. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधीच्या नावानेही शोधा. संशोधकाचा ऑर्किड, म्हणजे सोळा खुणांचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर काम सोपं होतं. मात्र तिथली यादी बहुधा संशोधकाने स्वतः भरलेली असते, तेव्हा ती ताडून बघा.

सगळं एक्सेलमध्ये उतरवा: डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), वर्ष, प्रकार, लेखकांमधला क्रम, सायटेशन. प्रकाराचा रकाना टाळू नका. ‘जर्नल ऑफ न्यूरोकेमिस्ट्री’च्या पुरवणी अंकांत परिषदांचे गोषवारे छापले गेले आहेत आणि डेटाबेसमध्ये ते पेपरांच्याच रांगेत बसतात. ते वेगळे न काढल्यामुळे पेपरांची संख्या फुगलेली बायोडेटात सर्रास दिसते. प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेली प्रत, ही दुसरी अडचण. बायोअर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवरची प्रत आणि जर्नलमधली प्रत यांचे डीओआय वेगळे असतात, त्यामुळे डीओआयवरून दुबार नोंदी गाळल्या तरी ही जोडी सुटते. शीर्षकानुसारही एकदा लावून बघा. गूगल स्कॉलरमध्ये दोन्ही नोंदींवर खूण करून ‘मर्ज’ करता येतं. तिथे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद करून ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा, नाहीतर नामबंधूंचे पेपर गुपचूप येऊन बसतात.

आता मोजणी. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे असे आहेत: 48, 31, 22, 15, 9, 7, 6, 6, 3, 0. सहाव्या पेपरला 7 सायटेशन, म्हणजे निदान 6 आहेत. सातव्याला 6च, म्हणजे 7 नाहीत. एच-इंडेक्स 6. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर चार, म्हणून आय-10 इंडेक्स 4. पहिल्या पेपरचे 48 ऐवजी 400 झाले तरी एच 6च राहतो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेल्या या मापाची खोड म्हणा की गुण, तो हाच.

एकाच माणसाचा आकडा तीन ठिकाणी तीन निघतो. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले उल्लेखही धरतो, म्हणून तिथला आकडा सहसा सर्वांत मोठा. स्कोपस हा वर्गणीचा डेटाबेस निवडक जर्नलं धरतो आणि तिथे स्वतःची सायटेशन वगळता येतात. वेब ऑफ सायन्स या तशाच दुसऱ्या डेटाबेसमध्ये संस्थेने कुठल्या सालापासूनची वर्गणी भरली आहे यावरही फरक पडतो. तिन्हींची सरासरी काढणं हा निव्वळ वेडेपणा.

न्यूरोकेमिस्ट्रीत, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रसायनशास्त्रात, मोजमापाची पद्धत सांगणारा पेपर सायटेशन खेचतो, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवा. ऑलिव्हर लॉरी यांनी मेंदूच्या ऊतींच्या सूक्ष्म रासायनिक मोजमापात मोठं काम केलं, पण त्यांचं नाव सर्वांत जास्त उद्धृत झालं ते 1951 च्या प्रथिनं मोजण्याच्या पेपरमुळे. त्याची सायटेशन तीन लाखांवर गेली आहेत. एलमन यांची 1961 ची ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) मोजण्याची पद्धतही त्याच जातीची. तेव्हा एकूण बेरजेत एकाच पेपरचा वाटा अर्ध्याहून जास्त असेल तर ते वेगळं नोंदवा.

विषयाच्या मानाने तुलना हवी असेल तर आयसाइट या एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) मोफत साइटवर पेपरांचे पबमेडचे क्रमांक चिकटवा. ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ 1.0 म्हणजे एनआयएचच्या निधीवर झालेल्या, त्याच क्षेत्रातल्या आणि त्याच वर्षीच्या पेपरांत मधल्या जागी. अगदी ताज्या पेपरांबाबत हा आकडा कच्चा धरायचा.

जाता जाता यादीतला प्रत्येक पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये तपासा, कारण मागे घेतलेल्या पेपरांनाही सायटेशन मिळत राहतात.

शेवटी अर्जात आकडा लिहायचा तो असा: ‘एच-इंडेक्स 6, स्कोपस, 12 मार्च 2025 रोजी, स्वतःची सायटेशन वगळून, मूळ संशोधनाचे पेपर 8, रिव्ह्यू 2, प्रथम लेखक 3.’